दुर्गाघाटचा धूमकेतू

उल्हासराव गर्द्यांनी यंत्राची पहिली चूक सुधारली तेव्हा त्यांना त्याची जरा दयाच आली होती. बिचारं नवीन आहे, शिकेल हळूहळू. बँकेत असताना नव्या कारकुनांकडेही ते असंच बघत. त्यातले दोघे पुढे त्यांचे साहेब झाले, पण ती गोष्ट वेगळी.

यंत्र म्हणजे डोळ्यांनी दिसावं असं काही नव्हतं. ते पुण्यात होतं, आणि काशीतल्या दुर्गाघाटच्या घरात त्याचं जे काही पोचायचं ते लॅपटॉपच्या पडद्यावर. उल्हासरावांची पुतणी मालविका पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. जुन्या लोकांनी आकाश बघून हातानं लिहून ठेवलेल्या नोंदी गोळा करायच्या, कुठलं ग्रहण कधी लागलं, कुठे शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू दिसला, कुठला ग्रह कुठल्या ताऱ्याजवळ होता, हे तिचं काम. इतकी हस्ताक्षरं माणसांनी वाचायची म्हटली तर जन्म जाईल, म्हणून तिच्या संस्थेनं हे वाचन कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवलं होतं. पानाचा फोटो द्यायचा, यंत्र ते वाचून छापील अक्षरांत देतं. आणि गर्दे घराण्यात तर अशा पानांचं एक बासनच होतं. उल्हासरावांचे पणजोबा काशीनाथपंत पंचांगाचं गणित करायचे, आणि गणित बरोबर आलं की नाही ते बघायला रोज छतावर पितळी नळी लावून आकाशाचे वेध घ्यायचे. जे दिसलं ते सुट्या पानांवर मोडीत लिहायचे.

"काका, तुम्हाला मोडी येते ना?" मालविकेनं फोनवर विचारलं होतं.

"येते म्हणजे काय! आजोबांनी छडी घेऊन शिकवलंय."

हे खरं होतं. छडी आजही आठवत होती. मोडीचं तितकं खात्रीनं सांगता आलं नसतं.

पहिली अडचण अशी की पानं घरात नव्हती. उल्हासरावांच्या वडिलांनी ती गल्लीच्या टोकाच्या मराठी वाचनालयाला देऊन टाकली होती. वाचनालयाचे चिटणीस वासुदेवशास्त्री टेंबे. "तुमच्याच पणजोबांची पानं, न्या की खुशाल," असं म्हणतील तर ते चिटणीस कसले?

"ठराव लागेल," टेंबे म्हणाले. "ठरावाला सभा लागेल. आणि सभेला गणसंख्या."

गणसंख्या भरणं अशक्य होतं. निम्मे सभासद मुलांकडे नोएडा-पुण्याला गेले होते आणि उरलेल्यांतले बरेचसे मणिकर्णिकेला. मणिकर्णिकेला गेलेल्यांची नावं यादीतून कमी करता आली असती, पण त्यालाही ठराव लागत होता आणि त्या ठरावालाही गणसंख्या. उल्हासरावांनी नियमांची पुस्तिका मागून घेतली आणि ती वाचत दोन दुपारी वाचनालयात काढल्या. शेवटी टेंब्यांनाच दया आली. 'जिल्दसाजीसाठी', म्हणजे पुस्तकबांधणीसाठी, कुठलाही ग्रंथ बाहेर पाठवायचा अधिकार एकट्या चिटणिसाला होता. तेव्हा काशीनाथपंतांची पानं जिल्दसाजीच्या नावाखाली बाहेर पडली. सुट्या पानांची जिल्दसाजी कसली करायची, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

दुसरी अडचण उजेडाची. गल्लीतल्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि मालविकेला फोटो स्वच्छ उन्हातले हवे होते. म्हणजे छत आलं. आणि छत म्हटलं की काशीत माकडं आलीच. पहिल्याच दिवशी एक भलंमोठं माकड कठड्यावर येऊन बसलं आणि बँकेतल्या तपासनिसाच्या नजरेनं पानांकडे बघू लागलं. उल्हासराव बासन छातीशी धरून जिन्यात पळाले. चष्मा वरच राहिला. तो केळ्याच्या बदल्यात परत मिळाला, पण एका काडीनिशी.

शेजारच्या छतावरून मिसिरजी सगळं बघत होते. गंगाप्रसाद मिसिर, रेल्वेतून निवृत्त. सल्ला हा त्यांचा धर्म होता.

"गर्दे साहब, लंगूर का फोटो लगाइए। बानर लंगूर से बहुत डरता है।"

उल्हासरावांनी लंगुराचं फ्लेक्स छापून आणलं. छापणाऱ्यानं सवयीनं खाली 'हार्दिक शुभकामनाएँ' घातलं होतं. माकडांनी दोन दिवस शुभेच्छा लांबून स्वीकारल्या आणि तिसऱ्या दिवशी फ्लेक्सवरच झोके घेतले. शेवटी अन्नपूर्णाबाई काठी घेऊन खुर्चीवर बसायच्या, आणि उल्हासराव एकेक पान काढून त्याचा फोटो घ्यायचे.

"निवृत्त झाल्यावर हरिद्वारला जायचं ठरलं होतं," अन्नपूर्णाबाई काठी आपटत म्हणायच्या. "इथे बसून मी बंदर हाकते आहे."

"हे राष्ट्रीय काम आहे."

"मग राष्ट्राला सांगा, एक काठी पाठव."

फोटो गेले आणि चारच दिवसांत पहिलं पान वाचून परत आलं. पडद्यावर डावीकडे काशीनाथपंतांचं अक्षर, उजवीकडे यंत्राचं वाचन. ज्या शब्दाची यंत्राला खात्री नव्हती तो पिवळा. उल्हासरावांनी पिवळे शब्द तपासायचे आणि चुकले असतील ते सुधारायचे. "तुम्ही सुधाराल तसं ते शिकत जातं, काका," मालविकेनं सांगितलं होतं. पणजोबांचा हात ओळखणारा या जगात आता आपणच एक उरलो आहोत, या विचारानं उल्हासरावांची मान जरा ताठ झाली.

तिसऱ्याच ओळीत पिवळा शब्द होता: 'माकडे'.

उल्हासराव मोठ्यानं हसले. "अगं, ऐकलंस का? आकाशाच्या नोंदीत माकडे! याला म्हणे बुद्धिमत्ता!" त्यांनी चष्म्याची काडी हातानं धरून अक्षर बघितलं. पहिला काना म्हणजे कागदाची सुरकुती असणार. शेवटचं अक्षर ड नसून र. वर मात्रा नव्हे, वेलांटी. 'मकरी'. म्हणजे मकर राशीत. पंचांगवाल्यांची जुनी भाषाच ही. त्यांनी 'माकडे' खोडून 'मकरी' लिहिलं आणि खाली आपल्या नावाची नोंद उमटलेली समाधानानं बघितली.

पुढे 'पाप' एवढंच वाचून यंत्र थबकलं होतं. उल्हासरावांनी क्षणभरही न अडखळता 'पापग्रह' केलं. शनी-मंगळाला पापग्रह म्हणतात हे पुण्यातल्या यंत्राला कुठून ठाऊक असणार? पुढे एका 'सीता'चं 'शीत' आणि लगतच्या 'चिडली'चं 'पडले' केलं, कारण काळ थंडीचा होता. हळूहळू पिवळे शब्द कमी झाले. पंधरवड्यानंतर तर यंत्र 'मकरी' बघून अडतही नव्हतं. "शिकलं," उल्हासराव म्हणाले. नोकरीत कुणाला काही शिकवल्याचं समाधान त्यांना कधी मिळालं नव्हतं, ते इथे मिळालं.

मग एका सकाळी मालविकेचा फोन आला. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, एक नोंद वाचते. 'मकरी दोन. एक लहान. शेपूट लांब. पापग्रह नेले. शीत फार पडले. वेध राहिला.' संध्याकाळची वेळ, पश्चिमेकडे. काका, हे शेपूट... आमचे सर म्हणतात धूमकेतू असू शकतो. कदाचित फुटून दोन झालेला. त्या वर्षी मकर राशीत धूमकेतू दिसल्याची जगात कुठेच नोंद नाही."

उल्हासराव खुर्चीत बसले.

"'वेध राहिला' म्हणजे नक्की काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे वेध कायम झाला. पक्का," उल्हासराव म्हणाले. तेही त्यांनी क्षणभर न अडखळता सांगितलं.

"अजून कुणाला सांगू नका हं. तपासून बघायचंय."

उल्हासरावांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त टेंब्यांना, कारण पानं वाचनालयाची. टेंब्यांनीही कुणाला सांगितलं नाही. फक्त त्यांच्या भाच्याला, आणि तो एका हिंदी दैनिकात होता. 'दुर्गाघाट के पंडित ने देखा था अनजाना धूमकेतु' अशी बातमी फोटोसकट आली. फोटोत उल्हासराव काडीमोडका चष्मा लावून आकाशाकडे बघत होते. भर दुपारी.

त्यानंतर दारावरची बेल थांबेना. कंप्यूटर जुन्या पोथ्या वाचून भविष्य सांगतो, असं गल्लीत पसरलं होतं. एक बाई मुलाची कुंडली घेऊन आल्या. मुलगा मकर राशीचा, त्याच्या राशीत धूमकेतू शिरला म्हणून रेल्वेची परीक्षा नापास झाला का, असं त्यांना विचारायचं होतं. धूमकेतू दीडशे वर्षांपूर्वीचा आहे हे उल्हासरावांनी समजावून सांगितलं. "तभी तो इतना पुराना दोष है," त्या म्हणाल्या. मिसिरजींनी आपल्या छतावर दोन खुर्च्या मांडून येणाऱ्यांना 'जिथून धूमकेतू दिसला ती जागा' दाखवायला सुरुवात केली. टेंब्यांनी सत्कार ठरवला. या निमित्तानं गणसंख्याही भरेल, असा त्यांचा आतला हिशेब होता.

सत्काराच्या आदल्या दिवशी उल्हासराव घरात येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होते. अन्नपूर्णाबाई मेथी निवडत होत्या.

"आणि अशा त्या कडाक्याच्या थंडीत, मकर राशीत, पापग्रह नेले..."

"कोणी नेले?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"काय?"

"पापग्रह. कोणी नेले, आणि कुठे?"

"धूमकेतूनं. म्हणजे ते... गणितातली भाषा आहे ती."

त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या. उल्हासराव भाषणाच्या पुढच्या वाक्यावर गेले, परत फिरले, पुन्हा गेले. मग त्यांनी कपाटातून बासन काढलं, भिंग काढलं आणि खिडकीशी जाऊन ते पान धरलं. त्यांच्या लक्षात आलं की हे पान हातात घेऊन आपण एकदाही वाचलेलं नाही. फोटो काढला होता तोही एक डोळा माकडांवर ठेवून, आणि पुढचं सगळं पडद्यावर, तेही फक्त पिवळं तेवढंच.

काना सुरकुती नव्हता. शाईचा होता. 'पाप'पुढे एक छोटासा ड, ओळीच्या टोकाला कसाबसा बसवलेला.

माकडे दोन. एक लहान. शेपूट लांब. पापड नेले. सीता फार चिडली. वेध राहिला.

उल्हासरावांनी ते तीनदा वाचलं. सीता म्हणजे पणजी. हातात काठी, छतावर वाळत घातलेल्या पापडांमागे धावणारी. आणि पणजोबा एका हातानं नळी सावरत उभे. तोवर तारा मावळला असणार. वेध राहिला, म्हणजे राहूनच गेला.

"काय झालं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"पापड," उल्हासराव म्हणाले, आणि खाली बसले.

पहिल्यांदा सांगितलं ते मिसिरजींना, कारण ते दारातच उभे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "देखिए गर्दे साहब, बानर भी आया था, मान लिया। लेकिन धूमकेतु नहीं आया, इसका क्या सबूत है? रहने दीजिए। मोहल्ले का नाम हो रहा है।" टेंबे म्हणाले, सांगायचं तर सांगा, पण सत्कारानंतर. शाल आणून झाली आहे.

मालविकेला फोन करायला हात उचलेना. तरी केला. 

"सरांनी परदेशातल्या लोकांना पत्र पाठवलंय," सगळं ऐकून ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "काका, एक सांगू? यंत्रानं आधी माकडेच वाचलं होतं. मी आत्ताच बघितलं. त्याला खात्री नव्हती म्हणून त्यानं विचारलं. दुरुस्ती तुमच्या नावावर आहे."

नोकरीत त्यांना मेमो मिळाला होता, साहेबांची बोलणी खाल्ली होती, पण इतक्या हळू आवाजात कुणी त्यांना काही ऐकवलं नव्हतं.

"नाव तसंच राहू दे," उल्हासराव म्हणाले. "पुसू नकोस. पत्रात कुणाची चूक म्हणून लिहायचं झालं तर माझीच लिही."

सत्काराला वाचनालय भरलं होतं. शाल आधी घातली गेली, त्यामुळे शालीसकटच त्यांना बोलावं लागलं. पाठ केलेलं भाषण खिशात राहिलं. त्यांनी ती ओळ आधी स्वतःच्या दुरुस्तीसह वाचली आणि मग काशीनाथपंतांनी लिहिली होती तशी. 'पापड नेले'ला पहिल्या रांगेतला एकजण फिसकन हसला, आणि मग सगळं वाचनालय हसत सुटलं. मकर राशीच्या मुलाची आई तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "मतलब हमारे लड़के को दोष नहीं है?" नाही, उल्हासराव म्हणाले. ती बाई इतक्या मोकळेपणानं रडली की हसणारे गप्प झाले.

उल्हासरावांनी खांद्यावरची शाल काढून टेंब्यांपुढे धरली. "परत घ्यायची पद्धत नाही," टेंबे खाली बघत म्हणाले. "नियमांत तरतूद नाही."

काम संपलं असं उल्हासरावांना वाटलं होतं. पण आठवड्यानं मालविकेचा फोन आला. सरांनी पत्र मागे घेतलं होतं. ओशाळले होते, पण चिडले नव्हते. "ते म्हणाले, इतकी वर्षं पावसापाण्यात रोज छतावर जाऊन, राहिला तर 'राहिला' असं लिहिणारा माणूस सापडलाय, तो धूमकेतूपेक्षा कमी नाही. त्यांची ग्रहणं आमच्या गणिताशी जुळताहेत, काका. फक्त एक करायचंय. यंत्राला तुम्ही जे शिकवलंत ते सगळं पुन्हा तपासायचं. प्रत्येक मकर."

तेव्हा उल्हासराव पुन्हा बसले, या वेळी मूळ पान शेजारी ठेवून. काही मकर खरोखरच मकर होते, तिथे गुरू होता, शनी होता. काही माकडं होती. जिथे दोन्ही वाटत होतं तिथे ते आता 'वाचता येत नाही' असं लिहीत. पहिल्यांदा हे तीन शब्द टंकताना बोट अडखळलं. नंतर सवय झाली. यंत्र पुन्हा पिवळे शब्द दाखवू लागलं, आणि उल्हासरावांना त्या पिवळ्या रंगाबद्दल एक आदर वाटू लागला. आपल्याला माहीत नाही हे सांगायला त्याला लाज वाटत नव्हती.

पावसाळ्याच्या पानांवर काहीच नव्हतं. 'मेघ. दिसले नाही.' 'मेघ. दिसले नाही.' पानंच्या पानं. तरी रोज माणूस वर गेलेला. मग शरद ऋतूतली एक ओळ आली. त्यातला एक शब्द पिवळा होता. यंत्रानं अदबीनं विचारलं होतं: 'शीत?'

आकाश निर्मळ. सीता गेली. वेध घेतला नाही.

उल्हासरावांनी ते मूळ पानावर भिंगानं पुन्हा वाचलं. आत अन्नपूर्णाबाई कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या आणि चुकल्याबद्दल स्वतःवरच रागावत होत्या. मग त्यांनी 'शीत' खोडलं, 'सीता' लिहिलं आणि त्या दिवसाचं काम तिथेच थांबवलं.

होळीच्या पौर्णिमेला ग्रहण होतं. चंद्र ग्रासलेलाच उगवायचा आणि उगवल्यावर थोड्या वेळानं सुटायचा. मालविकेनं सांगितलं, काका, जमलं तर नुसत्या डोळ्यांनी बघून सुटल्याची वेळ लिहून ठेवा, काशीनाथपंतांच्या नोंदींशी ताडून बघायला मजा येईल. उल्हासराव संध्याकाळीच घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मांडीवर कोरा कागद, हातात पेन. अन्नपूर्णाबाई शेजारी. त्यांनी दुपारपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं. ग्रहण सुटल्याशिवाय त्या घेणारही नव्हत्या.

गंगेपलीकडे वाळूवर धुरकट पट्टा पसरला होता. चंद्र तिथेच कुठेतरी होता. नावाडी परतले, पायऱ्यांवरची माणसं स्नानं करून उठू लागली, आणि उल्हासराव एकटक पूर्वेकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं धुक्याच्या वर चंद्र आला तेव्हा तो पुरता गोल होता.

"सुटलं का हो?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"पंचांगाप्रमाणे केव्हाच सुटलं."

"मग लिहा की तीच वेळ. कोण विचारतंय?"

उल्हासरावांनी चष्मा सारखा केला आणि कागदावर सावकाश, प्रत्येक काना नीट ओढून लिहिलं: 'धुके. सुटताना दिसले नाही.'

अन्नपूर्णाबाईंनी वाकून ते वाचलं. अक्षर बरं आलं होतं. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठू लागल्या.

"तुम्हाला दिसलं नाही, ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मी चहा टाकू की नको, तेवढं सांगा."